फोन धरून ठेवण्याचं काम

रोझलिंड गारबटने वकिलीत पस्तीस वर्षं काढली. तीन खंडांतल्या कंपन्यांचे करार तिच्या हाताखालून गेले. पण जुन्या गोष्टी निघाल्या की तिच्या मनात येतो तो शहाऐंशी सालचा नोव्हेंबर. इंग्लंडच्या उत्तरेकडल्या हल बंदराच्या गोदीत मासळीच्या पेट्या उचलणाऱ्या माणसाची ही मुलगी तेव्हा लंडनच्या सिटीत, म्हणजे बँका-पेढ्यांच्या भागात, एका बड्या कचेरीत उमेदवार वकील म्हणून नुकती लागली होती. अंगावर उसनवारीचा करडा सूट होता आणि बोलण्यातला हलचा हेल लपवताना तिची रोजची तारांबळ उडायची.

ज्याच्या हाताखाली शिकायचं त्याच्याच खोलीत उमेदवाराने बसायचं, अशी तिथली पद्धत होती. तिच्या वाट्याला आले मिस्टर लॅव्हरिक. जहाजांच्या खरेदी-विक्रीत त्यांचं नाव होतं. तिने लिहिलेला कागद ते वाचायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. तीन आठवड्यांत त्यापलीकडे शब्द नाही.

त्यांची सेक्रेटरी डॉरीन वीस वर्षं तिथे होती. रडवेल्या रोझलिंडच्या हातात तिने एकदा चहाचा मग दिला आणि म्हणाली, "अगं, त्यांचं 'हं' लांबलं तर समज जमलं. तुटक आलं तर मुकाट्याने परत लिही. माझं लग्न ठरलं तेव्हा मलासुद्धा तुटकच मिळालं होतं."

त्या महिन्यात 'सिग्ने' नावाचं जहाज विकलं जात होतं. विकणारे नॉर्वेचे, घेणारे एक ग्रीक मालक, मिस्टर कालाफातिस. ते लॅव्हरिकांचे अशील. जहाज नॉर्वेत बर्गनच्या धक्क्यावर आणि पैसे लंडनच्या बँकेत. इकडे पैसे पोचताक्षणी तिकडे ताबा द्यायचा. तोवर जहाजावरचा फोन आणि इथला फोन जोडलेले ठेवायचे. एकदा लाइन तुटली की पुन्हा मिळेल याचा भरवसा नसे.

"मिस गारबट," लॅव्हरिक म्हणाले, "हा रिसीव्हर सोडायचा नाही. कोणीही सांगितलं तरी."

सकाळी नऊला तिने फोन कानाला लावला. पलीकडे जहाजाचे कप्तान होते, तोर्लीफ ओसेन. पहिली दहा मिनिटं दोघंही नुसते खाकरत होते.

शेवटी कप्तानांनी विचारलं, "तुम्हालाही हेच काम दिलंय? फोन धरायचं?"

"हो."

"मग शिकाऊ असणार. मी इकडे एकोणीस वर्षं कप्तान आहे, आणि आज मलाही तेच काम."

ती हसली. लपवलेला हेल नकळत बाहेर आला आणि कप्तानांनी लगेच ओळखला. "हलची का गं तू? तुमच्या बंदरात माझी टोपी उडाली होती, एकोणसाठ साली. सापडली का कुठे?"

मग गप्पांना ऊत आला. बँकेचं काम रखडलं होतं. डॉरीनने सँडविच आणून दिलं, ते तिने एका हाताने खाल्लं. कप्तानांनी जहाजाचा स्वयंपाकी, त्याचं जळकं कालवण, बायकोचं गुडघ्याचं दुखणं, सगळं सांगितलं. मुलीचा बाप्तिस्मा याच जहाजावर झाला होता. जहाजाची घंटा उलटी करून तिच्यात पाणी भरलं होतं आणि मुलीचं नाव नंतर घंटेच्या आतल्या बाजूला कोरून घेतलं होतं.

"ती घंटा उतरवून घरी नेतोय," कप्तान सहज बोलून गेले. "पेटीत भरलीसुद्धा."

रोझलिंडने सँडविच खाली ठेवलं. समोरच करार पडला होता. विकणाऱ्यांनी कोणत्या वस्तू न्यायच्या याची यादी तिनेच दोनदा तपासली होती. चित्रं, काचेचं सामान, कप्तानाची खुर्ची. घंटा त्यात नव्हती. म्हणजे घंटा जहाजाबरोबर जाणार, मिस्टर कालाफातिसांकडे.

गप्प बसलं तर आज कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ती कालाफातिसांची वकील होती, भले तीन आठवड्यांची का असेना. आणि म्हाताऱ्याने तर तिला घरचं माणूस समजून सांगितलं होतं.

"कप्तान," ती हळू आवाजात म्हणाली, "मी समोरच्या पक्षाची आहे. तुम्ही आत्ता जे बोललात ते मला वर सांगावं लागेल."

मग कप्तान म्हणाले, "सांग, पोरी. तुझं काम आहे ते."

तिने हातानेच लॅव्हरिकांना जवळ बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मिस्टर कालाफातिस बाजूच्या खोलीत आहेत. तुम्हीच जाऊन सांगा. फोन मी धरतो."

कालाफातिस हातातली मण्यांची माळ फिरवत खिडकीशी उभे होते. तिचं बोलणं संपायच्या आत त्यांनी मान हलवली. "नाही. बिनघंटेचं जहाज मी बंदराबाहेर काढणार नाही. माझ्या बापाने काढलं नाही, मी काढणार नाही."

"म्हणजे तुम्हाला घंटा हवी," रोझलिंड म्हणाली. "पण हीच हवी का? त्यांनी निघायच्या आत दुसरी बसवून दिली तर?"

माळ थांबली. "तशीच जड? पितळेची?"

"तशीच."

"वय काय त्या मुलीचं?"

"आता मोठी आहे. शाळेत शिकवते, असं म्हणाले."

ते मिशीतल्या मिशीत हसले. "जा, लिहून आण. तोंडी काही नको."

ती परत खोलीत आली. लॅव्हरिकांनी रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि कोरा कागद पुढे सरकवला. मान आणि खांदा यांत फोन धरून तिने दोन ओळी लिहिल्या. जहाज धक्का सोडण्यापूर्वी त्याच वजनाची पितळी घंटा बसवून दिल्यास विकणाऱ्यांनी जुनी घंटा न्यावी, यास घेणाऱ्यांची हरकत नाही. लॅव्हरिकांनी वाचून एक शब्द खोडला.

"हंऽऽ," ते म्हणाले. दारातून डॉरीनने भुवया उंचावल्या.

कचेरीत आलेल्या विकणाऱ्यांच्या वकिलांनी सही केली. बर्गनमध्ये कप्तानांचा मदतनीस अधिकारी जहाजाचं सामान विकणाऱ्या दुकानाकडे पळत गेला आणि तासाभरात हातगाडीवर नवी घंटा घेऊन आला.

"आवाज कसा आहे?" रोझलिंडने विचारलं.

"भांडं पडल्यासारखा," कप्तान म्हणाले. "पण वजन बरोबर आहे. तुझ्या ग्रीकाला सांगू नकोस हं."

"हेसुद्धा सांगावं लागेल मला."

कप्तान इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिने खरोखरच सांगितलं. कालाफातिस म्हणाले, धुक्यात इशारा द्यायला आवाज गोड नसला तरी चालतो.

अडीचला बँकेचा निरोप आला. लॅव्हरिकांनी घड्याळ पाहून मान डोलावली. "कप्तान ओसेन," रोझलिंड म्हणाली, "पैसे पोचले. दोन वाजून चौतीस मिनिटांनी आम्ही जहाज ताब्यात घेतलं."

"दोन चौतीस," कप्तानांनी तिकडे कागदावर लिहीत म्हटलं. मग थोडं थांबून ते बोलले, "जुनीला पेटीतून काढलंय. ऐक."

जहाजावर कामाची पाळी संपली की देतात तसे घंटेचे आठ ठोके दोन-दोनच्या जोडीने तिच्या कानात पडले. तिने ते एकेक करून मोजले.

"ठेवतो आता," कप्तान म्हणाले. "सांभाळ गं."

रिसीव्हर ठेवला तेव्हा तिचा कान लालभडक झाला होता आणि मान वळत नव्हती. संध्याकाळी तिने कोपऱ्यावरच्या फोन बूथमधून घरी फोन लावला.

"आज काय केलंस?" बाबांनी विचारलं.

"दिवसभर फोन धरून बसले."

"एवढं शिकवलं ते यासाठी?" बाबा खो खो हसले. मग आईला ओरडून म्हणाले, "अगं ऐकलंस का, पोरगी टेलिफोनवाली झाली!"

तिने त्यांना हसू दिलं. सगळं नीट सांगायला रविवारी घरी जायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅव्हरिकांनी तिच्यापुढे कागदांचे चार गठ्ठे ठेवले आणि प्रत्येक पानावर पेन्सिलीने क्रमांक घालायला सांगितलं. खिडकीबाहेर सेंट पॉलचा घुमट धूसर दिसत होता, टाइपरायटर खडखडत होता, डॉरीन कोणावर तरी करवादत होती. रोझलिंडने बाह्या वर सारल्या आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एकचा आकडा घातला. त्या सकाळी ती इतकी खूश होती की आपण गुणगुणतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही. लॅव्हरिकांनी मान वर करून पाहिलं, आणि तुटक 'हं'सुद्धा न करता पुन्हा कागदात डोकं घातलं.