घड्याळ घातलेला हात

दुपारचे सव्वाचार वाजले होते. वेळ अगदी नक्की सांगतो, कारण ती माझ्या अंगावरच रंगवली गेली. त्या वेळी रहिमानभाईंनी डावा हात उन्हात धरला, उजव्या हातात कुंचला घेतला आणि माझ्यावर त्या हाताची पहिली रेघ ओढली. पुढं जे रामायण झालं ते त्या रेघेपासून.

मी एक तक्ता बोलतोय. भिंतीला टांगायचा, चार चित्रांचा. दवाखान्यात माझ्यासारखे तुम्ही पाहिले असतील आणि पाहून पुढं गेला असाल. आज जरा थांबा. लेकराला भरवून झालं असेल तर टेका घटकाभर.

जन्मानं मी चित्र नाही, जाडंभरडं कापड आहे. बासष्टच्या लढाईत जवानांसाठी तंबू शिवले, त्यातलाच एक. पण माझी पाळी यायच्या आत लढाई थांबली आणि देहूरोडच्या लष्करी गोदामात मी घडीत पडून राहिलो. फार जपून ठेवलेलं लुगडं घडीवरच विरतं ना, तसं माझं व्हायला लागलं होतं. मग जुन्या मालाचा लिलाव झाला आणि चाकणच्या रहिमान पेंटरांनी मला उचललं. एस.टी. स्टँडजवळ त्यांचं दुकान. त्या दुकानापुढं त्यांनी मला सावलीला बांधलं.

मी वर, ते खाली. उन्हापावसात माझी पाठ भाजली, भिजली, पण पोटाकडून मी सगळं बघत होतो. किराणा दुकानाच्या पाट्या, बैलगाडीच्या फळीवरचे मोर, मोहरमच्या ताबुताची वेलबुट्टी, रहिमानभाई सगळं रंगवायचे. पुढं भोसरी-पिंपरीकडं कंपन्या निघाल्या. खेड्यापाड्यातली पोरं डबे घेऊन पहाटे बस पकडायला लागली आणि कंपन्यांच्या पाट्याही आमच्याकडं यायला लागल्या.

त्यातली एक पाटी रहिमानभाईंच्या मनात रुतून बसली. विजेच्या खांबाला लावायला त्यांनी सुरेख अक्षरांत ‘धोका’ लिहून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी बघतात तर एका म्हाताऱ्यानं त्याच पाटीला धोतर वाळत घातलेलं. त्यांनी पाटी काढून आणली, अक्षरं पुसली आणि केस ताठ उभे राहिलेला, डोळे पांढरे केलेला माणूस काढला. पुन्हा तिथं कुणी रुमालसुद्धा टांगला नाही. त्या दिवसापासून ते म्हणायचे, अक्षर शिकलेल्याला थांबवतं, चित्र सगळ्यांना थांबवतं.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात सोजराबाई दुकानात आल्या. आसपासच्या गावांतून फिरणाऱ्या त्या सरकारी नर्सबाई. उन्हानं तोंड लाल झालेलं, पण पाण्याला हात न लावता बोलायलाच लागल्या. लेकरांना हगवण लागते, अंगातलं पाणी निघून जातं, आणि बायका भीतीनं उरलंसुरलं पाणीही बंद करतात. त्यांना वाटतं, पाजलं की अजून होईल. घरचं साखर-मिठाचं पाणी वेळेवर दिलं तर लेकरू वाचतं. पण हे किती घरी किती वेळा सांगू? चित्रं काढून द्या.

रहिमानभाईंनी रंगाचं विचारलं नाही. पहिलं विचारलं, “बघणारं कोण? आणि कसं उभं राहून बघणार?”

“बायकाच. डोक्यावर हंडा, काखेत पोर. थांबायला वेळ कुठाय त्यांना?”

“मग त्या हंड्याचं वजन जेवढं थांबू देईल, तेवढाच वेळ आपल्याला.”

त्यांना जाड कापड हवं होतं, गुंडाळून गावोगाव नेता येईल असं. त्यांनी वर बघितलं. मी होतोच. मला खाली उतरवलं, चांगला भाग कापून घेतला, सरस आणि खडूची पूड यांचं अस्तर दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पांढरा झालो. न्हाऊमाखू घातल्यासारखं वाटलं.

रहिमानभाईंची रीत अशी की आधी चित्रातून नजरेची वाट आखायची. नजर कुठून शिरेल, कुठं अडखळेल, कुठून बाहेर पडेल. चालायला शिकणाऱ्या पोराला जसं एक बोट लागतं, तसं नजरेलाही धरायला काहीतरी लागतं म्हणायचे. म्हणून चारी चित्रांत त्यांनी एकच लेकरू काढलं, पिवळ्या कुंचीतलं. पहिल्या चित्रात त्याचे डोळे खोल गेलेले, रंग राखेसारखा. दुसऱ्यात चुलीवर उकळून निवत ठेवलेलं पाणी, शेजारी तांब्या. तिसऱ्यात हात, तांब्यात मूठभर साखर आणि तीन बोटांच्या चिमटीएवढं मीठ घालणारा. चौथ्यात चमच्यानं पाजणं, आणि कुंचीतल्या गालावर परत तांबूस रंग.

एकाच गोष्टीला ते अडले. नर्सबाईंनी सांगितलं होतं, पाणी चाखून बघायचं, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट नको. आता चव कशी काढायची? त्यांनी चार वेळा कोळशानं काहीबाही काढलं आणि चार वेळा पुसलं. शेवटी ते सोडून दिलं.

हात मात्र झटक्यात उतरला. घरी बायको, खातूनबी, होत्या, त्यांना हाक मारली असती तर त्या आल्या असत्या. पण रहिमानभाई म्हणाले, हात म्हणजे हात, आणि स्वतःचाच समोर धरला. जाड अंगठा, मनगटावर केस आणि नुकतंच घेतलेलं घड्याळ. काचेवर ऊन चमकत होतं. चित्र काढणाऱ्याला चकाकी दिसली की मोह आवरत नाही. त्यांनी पट्टा काढला, काटे काढले, काचेवर पांढरा ठिपका दिला. खातूनबी चहा घेऊन आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “हे तर हुबेहूब तुमचंच मनगट.” रहिमानभाईंना ती शाबासकी वाटली. मलाही वाटली.

देताना त्यांनी नर्सबाईंना बजावलं, खाली अक्षर नको आणि तुम्हीही काही सांगू नका. चित्राला समजावून सांगणारा माणूस लागला तर चित्र नापास. आठ दिवस नुसतं टांगून बघा. नर्सबाईंना ते फारसं पटलं नव्हतं, पण त्यांनी मला निघोजे गावच्या चावडीच्या ओट्यावर टांगलं आणि त्या दुसऱ्या गावांच्या फेरीला गेल्या.

बायका यायच्या, हंडा सावरत बघायच्या. कुंचीतलं पोर सगळ्यांना कळलं. चूल कळली, तांब्या कळला. हाताशी मात्र नजर अडायची. मग सगळ्या गवराबाईंकडं बघायच्या. दृष्ट कशी काढायची, गुटी किती उगाळायची, बाळंतिणीला काय द्यायचं, सगळं गावात त्यांनाच विचारायचे.

गवराबाईंनी मला खालून वरून बघितलं आणि निवाडा दिला. बाप्या माणसाचा हात हाय. घड्याळवाला, म्हंजी कंपनीतला. आणि घड्याळ उगं काढलेलं न्हाई. दृष्ट तिन्हीसांजेला काढतो, तशी ह्या पाण्याचीबी वेळ हाय. मग त्यांनी लेकाला, गेनूला, माझ्यासमोर उभं केलं आणि काटे वाचायला लावले.

“सव्वाचार,” गेनू म्हणाला. “पहिली शिफ्ट सुटून मी घरी पोचतो ना, तीच वेळ.”

“मग झालं तर,” गवराबाई म्हणाल्या.

गेनूची मान ताठ झाली. बायका हंडे सावरत निघून गेल्या आणि गावभर तेच झालं, की पाणी कंपनीतल्या गड्यानं सव्वाचारलाच घालायचं. मी आतल्या आत घुसमटत राहिलो. मला तोंड दिलं होतं, पण ते एकदाच बोलून गप्प बसणारं. चुकीचं समजलं तर परत समजावायची सोय नव्हती.

चार-सहा दिवसांनी भर दुपारी सरू आली. गेनूची बायको. पहिलंच पोर, त्यामुळं सारखी धास्तावलेली. झोपलेल्या लेकराच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी. तिच्या काखेत भीमराज होता. गेनू कामावर गेल्यापासून त्याला हगवण लागली होती. मान तिच्या खांद्यावर लटकलेली, रडतोय असं तोंड वाकडं करत होता पण आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही. सासूनं सांगितलं होतं, गेनू येईपर्यंत कळ काढ. सरूनं सकाळभर कळ काढली होती. आता तिला राहवेना, म्हणून ती पुन्हा एकदा चित्र बघायला आली होती.

ओट्यावर कुणी नव्हतं. तिनं आधी हात बघितला. आपला पंजा त्यावर ठेवून बघितला. तो दोन्ही बाजूंनी लहान पडला. मग तिची नजर पहिल्या चित्राकडं गेली. खोल डोळे, राखेचा रंग. तिनं भीमराजकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, फाटून खाली पडावं म्हणजे तरी हिला कळेल.

“हात माझा न्हाई,” ती हळूच म्हणाली. “पर पोर तर माझंच हाय की.”

आणि ती पळत सुटली.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही, पण ओट्यावर बसणाऱ्या बायकांनी इतक्यांदा सांगितलं की आता बघितल्यासारखंच आहे. सरूनं चूल पेटवली, पाणी उकळून परातीत पसरून निववलं. गवराबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. वेळ झाली न्हाई अजून, म्हणाल्या. सरू म्हणाली, “आत्याबाई, तवर पोर थांबंल का?”

  गवराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि वरच्या फळीवरचा साखरेचा डबा, जिथं सरूचा हात पोचत नव्हता, तो काढून तिच्यापुढं ठेवला.

चमचा चमचा करत सरू पाजत राहिली. उलटी झाली की थांबायची, पुन्हा सुरू करायची. गेनू आला तेव्हा भीमराजनं आजीची मांडी ओली केली होती आणि चांगला भोकाड पसरून रडत होता, गालावरून टपटप पाणी. गेनूनं सगळं ऐकलं, घाईनं हातपाय धुतले, घड्याळ बघितलं आणि औषध द्यायला मांडी घालून बसला. गवराबाई म्हणाल्या, “ऊठ, तुझा डबा घास. औषध झालं.”

नर्सबाईंच्या कानावर हे गेलं आणि त्या रहिमानभाईंनाच घेऊन आल्या. आधी दोघं भीमराजला बघून आले. मग रहिमानभाई ओट्यावर माझ्याकडं पाठ करून बसले आणि बायकांना म्हणाले, मला माहीतच नाही यात काय काढलंय असं समजा, तुम्हीच सांगा. बायकांनी सांगितलं. हाताशी आल्यावर पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

“भाऊ,” गवराबाईंनी विचारलं, “तुमच्या घरी भाजीत मीठबी तुमीच घालता व्हय?”

रहिमानभाई हसले, पण त्यांचं तोंड उतरलं होतं. आपण हंडा बघितला, पोर बघितलं, चूल बघितली, आणि हातासाठी मात्र स्वतःपलीकडं बघितलं नाही, असं काहीसं ते नर्सबाईंना म्हणाले. मग त्यांनी पातं घेऊन माझ्यावरचा तो हात घड्याळासकट खरवडला. अंगाला झोंबलं, पण बरं वाटलं. काट्याचा सल निघाल्यावर वाटतं तसं.

नवीन हात हवा होता. रहिमानभाईंनी सरूकडं बघितलं. तिनं लाजत हात पुढं केला, तोच गवराबाई मधे आल्या.

“तिचा नको, माझा काढा. नुसत्या सुनंचा हात बघितला तर समद्या सासवा म्हणतील, आमाला कुठं इचारलं?”

यावर बायकांना हसू आवरेना. रहिमानभाई मात्र हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली, तिथंच बसकण मारली आणि गवराबाईंच्या चिमटीत खरं मीठ द्यायला लावलं. रिकामी चिमूट आणि मीठ धरलेली चिमूट सारखी दिसत नाही म्हणाले. हळदीनं पिवळी झालेली नखं, विळीचा वण, हिरव्या बांगड्या, सगळं उतरलं. मीठ ओलं होऊन बोटांना चिकटलं तरी गवराबाईंनी हात हलवला नाही.

काढता काढता त्यांनी सरूला विचारलं, मीठ बरोबर पडलंय हे तुला कसं कळलं?

“चाखलं की,” सरू म्हणाली. “मी रडत व्हते, डोळ्यांचं पाणी ओठावर आलेलं. तांब्यातलं त्याच्याइतकंच खारट लागलं. म्हनलं, चालंल पोराला.”

 रहिमानभाईंनी लगेच तिसऱ्या आणि चौथ्या चित्राच्या मधल्या रिकाम्या जागेत एक छोटी बाई काढली. बोट जिभेला लावलेलं, गालावर एक थेंब. काढून झाल्यावर बायकांना विचारलं, ही काय करतीय? एक म्हणाली, मीठ बघतीय. दुसरी म्हणाली, माझ्या धाकट्याच्या वेळी मीबी अशीच रडले व्हते. तेव्हा कुठं त्यांनी कुंचला धुतला. चौथ्या चित्रात चमचा धरलेला हात सरूचा काढला.

त्यानंतर रहिमानभाईंनी कुठलंच चित्र दुकानात पुरं केलं नाही. अर्धं काढायचे, जिथं टांगायचं तिथं न्यायचे, बघणाऱ्यांच्या तोंडून ऐकायचे आणि मगच रंग भरायचे. पाट्यांपेक्षा आता अशी चित्रंच जास्त यायला लागलीत म्हणे.

मी नर्सबाईंच्या पिशवीतून बरीच गावं हिंडलो. घड्यांवर रंग तडकला, एक कोपरा फाटला, तो खातूनबींनी गोधडीच्या टाक्यानं शिवून दिला. आता हिंडवत नाहीत. दवाखान्याच्या भिंतीवर खिडकीशेजारी टांगलंय. वारा येतो, बायका येतात, लेकरं पिवळ्या कुंचीला हात लावतात. मी सुखात आहे.

एवढंच मागतो. तुमच्या शेजारी एखादं लेकरू असं मलूल पडलं असेल आणि घरातली माणसं कुणाची तरी वाट बघत बसली असतील, तर उठून त्या घरी जा. म्हणावं, पाणी आत्ता द्या, आणि लेकराजवळ जो हात असेल त्याच हातानं द्या. नर्सबाईंनाही बोलवा. आणि निघताना त्या घरच्यांनाही सांगा, की त्यांनी हे पुढच्या घरी सांगावं.