मांडीवरची झोप

दुपारचा एक वाजला की जानेफळच्या गोकुळच्या घरात सगळे हळू बोलायला लागत. टीव्ही बंद व्हायचा, आणि ओट्यावर कोणी मोठ्यानं हाक मारली तर तानुबाई ओठावर बोट ठेवून त्याला माघारी लावायची. आतल्या खोलीत दिवाणाच्या कडेला जयमाला बसलेली असायची, छातीशी स्वानंदला धरून. टाचा उचलायची, फरशीवर आपटायची, पुन्हा उचलायची. तिची मांडी वर-खाली व्हायची आणि मांडीवरचं दीड वर्षाचं लेकरू वर-खाली व्हायचं. कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. पापण्या मिटल्या असं वाटून ती जरा थांबली की त्याचे डोळे टक्क उघडायचे.

"धबुक," तो म्हणायचा. हा शब्द त्यानं स्वतःच काढला होता. "आत्या, धबुक."

आणि जयमालेच्या टाचा पुन्हा चालू व्हायच्या.

जयमाला ही गोकुळची मोठी बहीण, तानुबाईची थोरली. पिंपळगाव राजाला दिली होती. अकरा वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली. सोडचिठ्ठी दिली नाही, जा म्हणूनही कोणी म्हणालं नाही. फक्त नव्या बाईची ट्रंक तिच्या खोलीत आली आणि तिचं अंथरूण चुलीपाशी गेलं. महिनाभर तिनं काढला, मग माहेरी आली. त्याला आता चार वर्षं झाली. माहेरी तिला कोणी टाकून बोललं नाही, पण पाहुणे आले की गोकुळ तिची ओळख करून देताना घाईघाईनं पुढच्या गोष्टीवर जायचा.

मग स्वानंद झाला. आठव्याच महिन्यात आला, मूठभर जीव, पोटात सारखा गॅस धरायचा. ठेवला की रडे, पाळण्यात रडे, मायजवळ रडे. एकदा जयमालेनं त्याला घेऊन मांडी हलवली आणि तो गप्प झाला. पूनमची, म्हणजे गोकुळच्या बायकोची, मेहकरला कचेरीत नोकरी. सहा महिन्यांची रजा संपली आणि ती रुजू झाली. तेव्हापासून लेकरू दिवसा-रात्री जयमालेचंच. "अक्का आहे म्हणून मी नोकरी करून राह्यली," असं पूनम चारचौघींत सांगायची. जयमालेला चहा आता सगळ्यांबरोबर मिळे. दवाखान्याला, लग्नाला, कुठंही जायचं झालं की पहिला प्रश्न असायचा, अक्का येते ना?

मार्चमधली गोष्ट. स्वानंदच्या दाढा येत होत्या, अंग कोमट होतं. बसून हलवल्यानं त्याचं भागेना, म्हणून जयमाला उभी राहिली आणि उभ्यानं त्याला उसळवू लागली. लेकरू बारा किलोचं झालेलं. अर्ध्या तासानं तिचा उजवा गुडघा एकदम सुटला. ती खाली बसली, आणि स्वानंदची हनुवटी दिवाणाच्या कडेवर आपटली. रक्तानं तिचं पोलकं भिजलं.

मेहकरला दोन टाके पडले. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या मुलाला अजून उसळवून झोपवता? सोडवा आता. पण एकदम नको, हळूहळू."

परतताना ऑटोत पूनम बाहेर बघत म्हणाली, "सवय तुमीच लावली ना अक्का त्याले."

जयमालेला जानेवारीतली एक दुपार आठवली. घरात दुसरं कोणी नव्हतं. स्वानंद गोधडीवर पडून फडक्याचं टोक चोखत होता आणि ती दूध घेऊन दारात आली तेव्हा त्याचे डोळे आपोआप मिटत होते. कोणी न हलवता, कोणी न घेता. दोन मिनिटांत तो झोपला असता. तिनं उलट्या पावली फिरायला हवं होतं. पण तिनं पेला खाली ठेवला, त्याला उचललं आणि धबुक धबुक चालू केलं. तो चिडला, जागा झाला, आणि मग नेहमीसारखा तिच्या मांडीवरच झोपला. हे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं.

पूनमनं तीन दिवस रजा काढली. लेकराला गादीवर ठेवायचं, दार लावायचं, रडून रडून झोपेल, असं तिच्या कचेरीतल्या बाईनं सांगितलं होतं. पहिल्या दुपारी तो दीड तास रडला आणि ओकला. दुसऱ्या दिवशी टाके सुजले. जयमाला स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून बसली होती. आतून "आत्या, आत्या" ऐकू यायचं आणि तिच्या टाचा जमिनीवर आपोआप हलायच्या. तिसऱ्या दिवशी पूनम बाहेर आली, केस सुटलेले, डोळे लाल. जयमालेसमोर फतकल मारून बसली.

"मह्याच्यानं नाही होत अक्का."

"मी सोडवीन," जयमाला म्हणाली. "पण मंधात कोनी बोलाचं नाही. ना तू, ना माय."

हे बोलताना आपण काय कबूल करतोय, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण हनुवटीवरचे ते दोन काळे टाके तिला रोज दिसत होते.

तिनं घाई केली नाही. पहिल्या आठवड्यात टाचा तशाच चालू ठेवल्या, फक्त तो पेंगायला लागला की वेग कमी करायचा. मग टाचा उचलणं बंद करून नुसतं डावीकडे-उजवीकडे झुलणं. मग तेही बंद, मांडीवर घेऊन नुसतं बसायचं आणि पाठीवर थोपटायचं. इथं स्वानंद पेटला. दोन्ही हातांनी तिचा गुडघा धरून तो वर-खाली ढकलायचा. "धबुक! धबुक कर!"

"धबुक दमलं रे राजा. आता नुसतं बसू."

त्यानं तिच्या तोंडावर मारलं, मनगटाला चावला, तिच्या बांगड्या ओढल्या. ती त्याला धरून बसून राहिली. एकदा तोही रडत होता आणि तीही. तानुबाई दारापर्यंत आली, दोघांकडे पाहिलं आणि न बोलता माघारी गेली. पुढं मांडी सुटली आणि गादी आली. पाठीवरचा हात राहिला. मग हात उचलून ती शेजारी बसायची, मग चार हात लांब, मग उंबऱ्यावर.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी ती उंबऱ्यावर उभी होती. स्वानंदनं तिच्याकडे पाहिलं, अंगठा तोंडात घातला आणि भिंतीकडे कूस बदलली. थोड्या वेळानं त्याचा श्वास लांब झाला. जयमाला बराच वेळ तिथंच उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी तिचा गुडघा त्या दिवशी दुखत नव्हता.

गोकुळनं त्या संध्याकाळी जिलेबी आणली. पूनमनं जयमालेला जवळ घेतलं. तीन दिवस घरात सणासारखं वातावरण होतं.

चौथ्या दिवशी जेवताना पूनम म्हणाली, "आता निजवाचा तरास नाही, तं मी नेत जाईन त्याले. मेहकरले कचेरीमागंच पाळणाघर आहे. चार लेकरांत राहीन तं बोलाले बी शिकीन."

"हाव, बरं होईन," गोकुळ म्हणाला.

जूनपासून स्वानंद सकाळी नऊला मायबरोबर जायचा आणि सहाला यायचा. येईपर्यंत तो इतका दमलेला असे की जेवला की गादीवर आडवा. पाळणाघरातली बाई पूनमला म्हणाली, एवढं शहाणं लेकरू आमच्याकडं नाही, ठेवलं की झोपते. पूनमनं ते घरी येऊन कौतुकानं सांगितलं. पुढं एकदा शेजारची अन्नपूर्णा आली असता पूनम तिला म्हणाली, "थोडी शिस्त लावा लागते, मंग लेकरं ऐकतात." जयमाला तेव्हा तिथंच भाजी निवडत होती.

जुलैत एका शनिवारी दारात ऑटो थांबला. पिंपळगाव राजाची सुभद्राबाई उतरली, जयमालेची सासू. चार वर्षांत तिचं हे पहिलं येणं. कडेवर आठ महिन्यांची मुलगी, रडून रडून निळी पडलेली.

चहा झाला, पावसापाण्याचं झालं. मग सुभद्राबाईनं पदरानं तोंड पुसलं. "धाकटीचं आपरेशन झालं बाई. उठवत नाही तिले. अन् ही पोरगी दिवस-रात झोपत नाही. आमी समदे जागून जागून मरून राह्यलो." आणि काही कळायच्या आत तिनं ती मुलगी जयमालेच्या मांडीवर टाकली.

मुलीचे कान बापासारखे होते, बाहेर आलेले. जयमालेनं ते पाहिले. पोर मांडीवर तटतटून रडत होती, आणि जयमालेच्या टाचा उचलल्या गेल्या. तिनं उचलल्या नाहीत, उचलल्या गेल्या. पाच मिनिटांत मुलीचं रडणं हुंदक्यांवर आलं, दहा मिनिटांत ती झोपली.

"पाह्यलं?" सुभद्राबाई गोकुळकडं वळून म्हणाली. "मले गावातून समजलं होतं, अशी लेकरं निजवन्यात हातखंडा आहे हिचा. चाल बाई घरी. कागदावर तूच सून आहे आमची. मागचं सोडून दे."

जयमालेनं टाचा थांबवल्या. मुलगी चुळबुळली, डोळे उघडले, ओठ काढले. तिनं ती उचलून सुभद्राबाईच्या मांडीवर दिली.

"हलवू नका हिले," ती म्हणाली. "आतापासून हलवली तं दोन वर्सं सुटनार नाही. खाली ठेवा, पाठीवर हात ठेवा, जवळ बसा. रडू द्या, पण जवळून उठू नका. महिनाभर लागते."

"आमाले कुठं येते ते. तू ये ना."

"मी नाही येत."

सुभद्राबाई दिवे लागायच्या आत निघून गेली. जाताना गोकुळला म्हणाली, विचार करा, मी आठ दिवसांनी फोन करीन.

ऑटो वळला तसा गोकुळ ओट्यावर येऊन बसला. "अक्का, एकदम नाही काऊन म्हनलं? कायद्यानं तुह्यंच घर आहे ते."

"दुसरी आहे तिथं."

"असू दे ना. ती बिमार आहे. तुले मान राहीन."

"मले त्या पोरीसाठी नेऊन राह्यले, गोकुळ. निजवाले."

"मंग?" तो म्हणाला. "इथं बी तेच करत होती ना तू?"

बोलून झाल्यावर तो आपल्या चपलांकडे पाहू लागला. त्याला वाईट वाटलं असावं, पण शब्द त्यानं परत घेतला नाही. पूनम आत भांडी घासत होती. नळाचा आवाज मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला. तानुबाई खांबाला टेकून बसली होती. जयमालेनं तिच्याकडे पाहिलं.

"मी किती दिवस पुरीन तुले, जये," एवढंच तानुबाई म्हणाली.

अन्नपूर्णा मेहकरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जायची. तिथं एक बाई हवी होती, राहायला खोली देणार होते. जयमालेनं सोमवारी जाऊन विचारलं आणि होकार घेऊन आली. गोकुळ म्हणाला, "लोकं काय म्हनतीन?" पण दोनदा म्हणाला नाही. सुभद्राबाईचा फोन आला तेव्हा त्यानं परस्परच सांगून टाकलं, तिची नोकरी लागली.

जायचा दिवस रविवार ठरला. स्वानंद घरी होता. सकाळी त्यानं तिच्या पिशवीतून साड्या काढल्या, पुन्हा भरल्या, स्वतः पिशवीत बसून पाहिलं.

"अक्का, एकच्या गाडीनं जा," पूनम म्हणाली. "तो निजला राहीन. उगाच रडन म्हनून म्हनते."

जयमालेला म्हणावंसं वाटलं की राहू दे ना जागा. तो रडेल की नाही, ते तिला एकदा बघायचं होतं. पण असं काही म्हणता येत नाही. ती हाव म्हणाली.

एकला पूनमनं त्याला आत नेऊन गादीवर ठेवलं आणि दार ओढून घेतलं. जयमाला पिशवी घेऊन ओट्यावर उभी होती. आतून काही आवाज आला नाही. गोकुळनं मोटारसायकल चालू न करता कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली.

संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. पूनम होती.

"पोहोचल्या ना? अन् आयका, उठल्यावर त्यानं तुमच्याबद्दल विचारलं बी नाही. मजेत खेळून राह्यला. मीच घाबरून होती. बरं झालं ना अक्का?"

"हाव," जयमाला म्हणाली. "बरं झालं."

फोन ठेवून तिनं हात धुतले आणि चाळीस मुलींच्या पोळ्यांची कणीक तिंबायला घेतली.