आधी धुतलेले पाय

वजरी कोरडी होती आणि तिच्या भोकाभोकांत जुनं पांढरं काहीतरी साचलं होतं — साबण असेल, नाहीतर कुणाच्या तरी टाचेची भुकटी — ते नखानं खरवडता खरवडता तिला वाटलं, ही वजरी आपण हातात घेतलीच कशाला, हातापासून पायापर्यंतचा रस्ता तर कधीच बंद झालाय. पलंगाच्या कडेला बसून उजवा पाय डाव्या मांडीवर चढवायचा तिनं दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तो अर्ध्यावर असा अडून बसला, की जणू तो तिचा नाहीच, कुणा हट्टी पाहुण्याचा आहे. अंगठ्याचं नख शिंगासारखं, पिवळं, जाड. टाचेला भेगा, भेगांमध्ये काळ्या रेघा. आणि हे सगळं आज संध्याकाळी, ईस्टरआधीच्या गुरुवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेत, वेदीसमोर मांडलेल्या खुर्चीवर बसून, मोजा काढून अख्ख्या चर्चला दाखवायचं होतं. फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रत्येकाचा एकच, उजवा. पण बघणाऱ्याला एक काय नि दोन काय.

नाव मुलानं दिलं होतं. तो वायरमन. चर्चचा स्पीकर खरखरत होता म्हणून दुरुस्तीला गेला, आणि येताना हे करून आला.

"फादरना बारावं माणूस मिळत नव्हतं. मी म्हटलं, माझी आई आहे की!"

माझी आई आहे की. कुणी शिडी मागावी आणि माळ्यावर पडलीय की, म्हणावं, तसं.

"मला विचारायचंस तरी."

"त्यात काय विचारायचं? नुसतं बसायचं तर आहे. नाहीतरी दिवसभर तू बसूनच असतेस."

तो हसत म्हणाला होता, आणि खोटंही नव्हतं, म्हणून तर ते इतके दिवस टोचत राहिलं. मग रविवारी नावं वाचली गेली, तिचं सगळ्यात शेवटी, आणि पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून तिचा हात दाबला, "नशीबवान आहेस हो." त्यानंतर नाही म्हणायला वाटच उरली नाही. न जावं, तर खुर्ची रिकामी राहणार, आणि अकरा माणसं बसलेली असली तरी लोक बघतात ती रिकामी खुर्चीच. जावं, तर हा पाय... तिची नजर फिरत राहिली: खिडकी, पलंग, दार, पुन्हा खिडकी. मी अडकले आहे, असं ती मनात स्पष्ट म्हणाली, आणि म्हटल्यावर खोली आणखीच लहान झाली.

पूर्वी बायकांना हा प्रश्न नव्हता. पूर्वी बाराही पुरुष असायचे, कडक इस्त्रीचे, खाकरणारे, आणि बायका मागच्या बाकांवरून बघायच्या. बाराव्या खुर्चीवर बसायला कुणी राजी नसे — ती प्रभूचा घात करणाऱ्या शिष्याची खुर्ची, म्हणून पोरं चिडवायची — त्यासाठी आपसांत ढकलाढकली व्हायची. ह्यांची खुर्ची तिसरी, वर्षानुवर्षं ठरलेली. हे बेकरीत भट्टीवर. ईस्टरच्या आठवड्यात मान वर करायला फुरसत नसायची. चाळीस दिवसांच्या उपवासात लोक अंडी खायचे नाहीत, पण कोंबड्यांना उपवास कोण सांगणार, अंडी साठतच राहायची, आणि मग रविवारसाठी ती सगळी एकदम पावात, केकात, रंगवून टोपल्यांत. "हा सण आधी कोंबड्यांचा, मग आपला," असं हे म्हणायचे. तेवढा एक विनोद, पण दर वर्षी करायचे, आणि दर वर्षी ती हसायची. कांद्याच्या सालींत अंडी उकळून तिची बोटं आठवडाभर तांबडी राहायची.

गुरुवारी दुपारी हे घरी यायचे ते घोट्यापर्यंत पांढरे. पीठ नखांत, पीठ भेगांत, घामानं भिजून त्याची कणीक झालेली. असे पाय फादरांपुढे कसे करणार? म्हणून ती पाणी तापवायची, जमिनीवर बसायची आणि घासायची. वजरीनं टाचा, काडीनं नखं, बोटांच्या बेचक्यांतून फडकं. पाय गुलाबी व्हायचे, एखाद्या बाळाचे असावेत तसे. मग संध्याकाळी फादर गुडघ्यांवर बसायचे, चांदीच्या भांड्यातून धार सोडायचे, आणि ह्यांच्या पायावरून खाली पडणारं पाणी जसंच्या तसं नितळ असायचं. मागच्या बाकावरून तिला ते दिसायचं. सगळं चर्च डोळे पुसत होतं, एवढा मोठा माणूस खाली बसून पाय धुतो म्हणून... आणि ती त्या पाण्याकडे बघत होती. आधीच धुतलेले पाय होते ते. बाराच्या बारा. प्रत्येकाच्या घरी दुपारी कुणीतरी जमिनीवर बसलं होतं.

एका म्हाताऱ्या फादरांनी एकदा समजावून सांगितलं होतं: तो मुलूख धुळीचा, लोक चपलांनी मैलोन्‌मैल चालायचे, म्हणून घरात शिरताना पाहुण्याचे पाय धुवायची रीत, आणि ते काम घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं. प्रभूंच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री त्या खोलीत नोकर नव्हता. बारा शिष्य एकमेकांकडे बघत बसले, उठेना कुणीच. म्हणून प्रभू उठले, कमरेला पंचा बांधला... सगळे माना डोलवत होते. तिच्या मनात मात्र वेडंवाकडं काहीतरी आलं, जे तिनं कबुलीजबाबातही कधी सांगितलं नाही: त्या खोलीत एखादी बाई असती, तर त्यांना उठावंच लागलं नसतं. ती मुकाट्यानं पाणी घेऊन आली असती. पाय धुऊन झाले असते, आणि हा गुरुवार जगात आलाच नसता.

आणि हे? हे पाय धुऊन घेताना एक शब्द बोलायचे नाहीत. भिंतीकडे बघत बसायचे, ताठ, राजासारखे. झालं की उठायचे. तिनं कधी तोंड वर करून बघितलं नाही, पण त्यांचं ते भिंतीकडे बघणं तिला पाठीवर कळायचं. ते जाऊन इतकी वर्षं झाली, बाकी बरंच क्षमा करून झालं, ही मान ताठ ठेवून बसण्याची गोष्ट मात्र आत कुठंतरी तशीच... काट्यासारखी नाही, काटा निघतो तरी.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. सून. हॉस्पिटलची सकाळची ड्यूटी करून आलेली, पर्स अजून खांद्यावर.

"आई, काय चाललंय?"

"काही नाही."

"वजरी घेऊन काही नाही? द्या इकडे. मी करते."

"नको, दमून आलीस तू."

"दमलेच आहे. म्हणून म्हणते, आढेवेढे घेऊ नका. बसा खुर्चीत."

ह्या पोरीचं बोलणं असं. माणूस आधी खुर्चीत बसतो आणि मग त्याला वाटतं, आपण हो कधी म्हटलं? टब आला, गरम पाणी आलं, कोपरानं ते किती ऊन आहे बघून झालं. आणि मग सुनेनं पर्समधून पातळ रबरी हातमोजे काढले आणि फटाफट चढवले.

तिनं पाय मागं ओढले. जेवढे ओढता आले तेवढे.

"राहू दे. मी जात नाही संध्याकाळी. सांग त्याला, आईचा गुडघा धरलाय."

"गुडघा तर वर्षभर धरलाय. आज काय नवीन?"

ती मोज्यांकडे बघत राहिली. मी वॉर्डातली एक खाट, उशाशी तक्ता लावलेली. इथून उठून ही पुढच्या खाटेकडे जाईल, मोजे कचऱ्यात टाकून... आपण धुतले तेव्हा ह्यांच्या पायांचं पीठ आपल्या नखांत जात होतं. नखांत जायचं, म्हणून तर ते धुणं होतं.

"किळस येत असेल तर करू नकोस," ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं.

"किळस?" सून हसायलाच लागली. "आई, मी रोज काय काय उचलते ते सांगितलं ना, तर तुम्ही दोन दिवस जेवणार नाही." मग तिचं हसणं थांबलं. उजव्या हाताचा मोजा उलटा सोलून तिनं हात पुढे धरला. बोटांची टोकं फुटलेली, लाल. अंगठ्याजवळ चीर, तिच्या कडा पांढऱ्या झालेल्या. "प्रत्येक पेशंटनंतर हात धुवायचे. पाण्यात झोंबतं हो. म्हणून घातले."

"औषध?"

"लावते. पुन्हा धुते." तिनं मोजा परत चढवला. "आणा पाय."

कधीपासून असतील हे हात असे? रोज संध्याकाळी ह्याच हातानं चहाचा कप पुढे येतो. कप दिसत होता.

पाय पाण्यात गेला. ऊब वर चढली, पोटरीपर्यंत, आणि तिचे डोळे आपसूक मिटले, मग उघडले, कारण मिटून राहणं बरं दिसलं नसतं. समोर सुनेचं डोकं. वाकलेलं. भांगात पांढरे केस, बरेच, मुळाशी. रंग लावायला सवड झाली नसेल. मान बारीक. हे सगळं इतकं जवळ, इतकं उघडं होतं की तिथं बघत राहणं म्हणजे कुणाचं पत्र चोरून वाचण्यासारखं, म्हणून तिनं नजर उचलली. भिंतीवर नेली.

आणि भिंतीवर नजर गेल्यावर तिला कळलं, आपण कसे बसलो आहोत. ताठ.

म्हणजे इथून हे असं दिसतं... इथं बसलेल्याला बघायला दुसरी जागाच नसते. तेव्हा ह्यांना माझा भांग दिसत असेल, आणि... की नुसतेच राजासारखे बसलेले असायचे? काय माहीत. गेलेल्या माणसाच्या पदरात चांगुलपणा टाकायला आपलं काय जातं. पण काटा जिथं होता तिथं हात लावून बघितला तर तो लागेना, आणि न लागण्यानंच ती घाबरली. इतकी वर्षं तो धरून ती उभी होती.

"दुखतंय?"

"नाही." दुखत होतं.

काहीतरी बोलायला हवं. आभार — छे, तो शब्द सभेतला, हार घालतानाचा. बरं वाटतंय म्हणावं? शेवटी बाहेर पडलं ते, "पुरे आता," आणि तेही हुकमाच्या आवाजात.

"पुरे काय? डावा राहिलाय."

"डावा कशाला? फादर उजवाच धुतात."

"मग डाव्यानं काय कुणाचं घोडं मारलंय?"

सून मान वर न करताच बोलली, आणि डावी टाच तिनं तळहातावर घेतली, वजन अजमावत असल्यासारखी. संध्याकाळचं अजून ठरलेलं नव्हतं. ती खुर्ची, ते बाक, तो पाय — सगळं होतं तिथंच होतं, फक्त आता लांब, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. संध्याकाळपेक्षा ही दुपारच अवघड होती. हिच्यातून उठून जाता येत नव्हतं, आणि उठावं असंही वाटत नव्हतं, आणि ही दुसरी गोष्ट तिच्या ओळखीची नव्हती. जन्मभर कशात ना कशात गुंतलेले तिचे दोन्ही हात मांडीवर पडून होते. एक उचलून त्या वाकलेल्या डोक्यावर ठेवावा का? आशीर्वाद द्यायला निघाली म्हातारी, असं वाटलं तर? तो थोडा उचलला गेला, हवेत थांबला, आणि ती त्या हाताकडे बघत राहिली — पाणी निवत चाललं होतं — समोर कुणी आपल्यासाठी बसलेलं असताना हात कुठं ठेवायचे असतात, हे तिला माहीतच नव्हतं.