उंबऱ्याच्या आतलं ताट

महालक्ष्म्या जेवायला बसल्या की घरच्यांनी बाहेर जायचं, हा देशकरांचा रिवाज. रेल्वेच्या नोकरीपायी प्रेमलाचे सासरे अमरावतीकडून रायपूरला आले, तेव्हा पेटीत दोन मुखवटे आणि डोक्यात हे रिवाज घेऊन आले होते. नैवेद्य दाखवायचा, पडदा ओढायचा, दार लोटायचं. आयांना निवांत जेवू द्यायचं. दुसरा रिवाज त्याहून कडक. प्रसाद उंबऱ्याबाहेर जात नाही. डब्यात नाही, पानावर नाही, मागत्याच्या ओंजळीतही नाही. ज्याला हवा त्यानं आत यावं, पाटावर बसावं. कुणाच्या ताटात उरलंच तर घरच्यानं संपवावं, टाकू नये.

तर असं दार लोटून प्रेमला, तिचा नवरा दिवाकर आणि पुतणी श्रावणी चौबे कॉलनीतल्या त्यांच्या घराच्या ओसरीत बसली होती. भाद्रपदाचं ऊन चटचट लागत होतं. तेवढ्यात फाटक वाजलं आणि शेखर दिसला.

शेखर म्हणजे दिवाकरचा धाकटा भाऊ. श्रावणीचा बाप. आणि श्रावणीच्या आईला, कुसुमला, मारणारा. दारूच्या भरात त्यानं तिचा गळा आवळला. का, ते कोर्टानं विचारलं तेव्हाही त्याला आठवलं नाही. शिक्षा भोगून सुटला तो बीरगांवात एका गोदामावर चौकीदारी करत होता. नात्यागोत्यात त्याचं नाव निघालं की बायका पदर तोंडाला लावत. म्हणत, याला यमसुद्धा दारात उभं करणार नाही.

प्रेमलासाठी कुसुम नुसती जाऊ नव्हती. थोरली महालक्ष्मी प्रेमलाच्या हातात, धाकली कुसुमच्या, अशा दोघी तुळशीपासून कुंकवाच्या पावलांवरून आत येत. कुसुम ओवी जुळवायची, तिथल्या तिथं:

थोरली आली पुढं, धाकली मागं मागं
दोघींच्या पावलांनी माझं अंगण झालं जागं

आता धाकली श्रावणी आणते. ओवी कुणी म्हणत नाही.

"दादा," शेखर फाटकातूनच म्हणाला, "मी आत नाई येत. वंजळभर आंबील द्या. इथंच पेतो अन् जातो."

दिवाकरच्या आधी प्रेमला बोलली. "दारूनं पोट भरलं नाही वाटते, भाऊजी?"

"सोडली, वहिनी. जेलातच सोडली."

"बरं झालं. कुसुमले सांगून या."

दिवाकर खाकरला. "प्रेमला, आजच्या दिवशी दारातून कोणाले परत नाही धाडत आपण. आईच्या घरी पापी काय अन् पुण्यवान काय."

"हव, तुमाले सोपं आहे माफ करणं. भाऊ तुमचा आहे. गळा तिचा होता."

श्रावणी मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मोठी आई, वो अंदर खाएगा तो मैं अंदर नहीं आऊँगी. बस, बोल दिया."

पोरीचा आवाज काचेसारखा होता. प्रेमलाला बरं वाटलं. रिवाज होता, पोर होती. तिला काही करावं लागणारच नव्हतं. ती शेखरला म्हणाली, "आंबील बाहेर येत नाही. ठाऊक आहे ना तुमाले?"

"ठाऊक आहे. म्हणून मागच्या साली नुसता वास घेऊन गेलो फाटकावरून."

हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं नसतं तर बरं झालं असतं.

ती बंद दाराकडे बघत बसली. दारापलीकडे आई, अलीकडे हे चौघं. आईनं निवड केली नव्हती. सगळ्यांनाच बाहेर काढलं होतं, मारणाऱ्याला आणि रडणाऱ्यांनाही. प्रेमला मनातल्या मनात म्हणाली, आई, तूच नको म्हण. पाल चुकचुकू दे एकदा, मी याला हाकलते. एरवी भिंतीवर दिवसभर टिकटिक करणारी पाल त्या दिवशी मेल्यासारखी गप्प राहिली.

दार उघडायची वेळ झाली. प्रेमलानं कडी काढली. मागं न बघता म्हणाली, "या."

कुत्र्यालाही कुणी याहून गोड बोलावतं.

शेखरनं अंगणातल्या नळावर पाय धुतले. कुंकवाच्या पावलांवर पाय पडू नये म्हणून भिंतीला घासत आत आला. प्रेमलानं वाढलं, पुरणपोळी, सोळा भाज्यांची भाजी, आंबील, तूप, सगळं रीतसर, पण हात लांब ठेवून. त्यानं पोळी मोडली, एक घास खाल्ला आणि वर पाहिलं. धाकल्या महालक्ष्मीच्या अंगावर कुसुमचा लग्नातला शालू होता.

मग त्यानं ओसरीकडे पाहिलं. श्रावणी दाराला पाठ करून बसली होती.

"पोरगी जेवली?"

"तुमी आत आहा," प्रेमला म्हणाली, "मंग ती बाहेर."

"मंग मी उठतो. तिले वाढा."

"अबे, भरल्या ताटावरून उठते का कोणी?" दिवाकर घाबरला. "आईपुढून? शाप लागंल!"

"लागू दे, दादा. पोट्टीले उपाशी ठेवून कोणता आशीर्वाद भेटणार आहे मले?"

तो उठला. उंबऱ्याबाहेर येऊन श्रावणीच्या पाठीमागं फरशीवर त्यानं डोकं टेकलं. पाठ हलली नाही. मग तो चपला हातात घेऊनच फाटकाबाहेर गेला.

"चाल, श्रावणी. गेला तो," प्रेमला म्हणाली. "पान वाढते."

"अब भूख नहीं है." श्रावणी उठली, स्कूटी काढली आणि तोंडावर ओढणी बांधून निघून गेली. तोही उपाशी, तीही उपाशी.

ताट तिथंच होतं. एक तुकडा मोडलेली पोळी, वर थिजत चाललेलं तूप. प्रेमलानं दिवाकरकडे पाहिलं. पापी काय अन् पुण्यवान काय म्हणणारा दिवाकर ताटाकडे बघत होता, ते सोडून पंख्याकडे बघू लागला.

"मले तर शुगर आहे," तो म्हणाला.

"हव. अन् उष्टं आहे, नाही का?"



टाकायचं नव्हतं. बाहेर द्यायचं नव्हतं. घरात तिसरं कुणी नव्हतं. प्रेमलानं पदर खोचला आणि त्याच पाटावर, त्याच ताटाशी बसली. ज्या हातानं कुसुमचा गळा धरला, त्याच हातानं ही पोळी मोडलेली होती. घास कडू लागेल असं तिला वाटलं. लागावा असंही वाटलं. तिनं मोडलेल्या कडेचाच घास घेतला.

पुरण गोड होतं. वेलची, जायफळ, सगळं जिथल्या तिथं. त्याचा हात लागूनही गोडच.

तिला रडू फुटलं, रागानं. "अशी कशी वं तू," ती देवीकडे मान वर न करता म्हणाली, आणि पुढचा घास मोडला.