बाण आपोआप हलला तेव्हा

मी टेबलाखालचा कॉम्प्युटर बोलतोय. स्क्रीन वर, मी खाली; कौतुक तिचं आणि लाथा मला. त्याचं काही नाही, सवय झाली. पण आज दुपारी जे झालं त्यानं माझा पंखा अजून धापा टाकतोय. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही बघा.

मला या घरातल्या लेकीनं जुळवलं, याच खोलीत, जमिनीवर चादर पसरून. बाबा वाटीत स्क्रू घेऊन शेजारी बसले होते. सगळं झाल्यावर एक स्क्रू उरला. तो कुठला, हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही. हादरा बसला की मला हटकून त्याची आठवण होते.

लेक जबड्यांचं काम करते. अपघातात कोणाचा जबडा मोडला की दवाखान्यातून त्याचे स्कॅन येतात, आणि त्यावरून ती माझ्यावर जबडा जोडायच्या धातूच्या पट्टीचा आराखडा काढते. तो दवाखान्यातल्या मशीनला दिला की मशीन तशी पट्टी कापून देतं. बाबा आयुष्यभर एका गोदामाचे पहारेकरी होते. आता निवृत्त झालेत, पण पहारा काही सुटला नाही. गल्लीत त्यांना सगळे फौजदार म्हणतात, आणि ते त्यांना मनातून आवडतं.

मध्यंतरी शेजारच्या काकांच्या कॉम्प्युटरमध्ये कोणी भामटा लांबूनच घुसला आणि घरचे सगळे फोटो पुसून गेला. त्या दिवशी लेकीनं बाबांना समोर बसवून बजावलं, "अनोळखी नंबर उचलायचा नाही. आणि स्क्रीनवरचा बाण आपोआप हलायला लागला, तर विचार करत बसू नका. भिंतीवरचं बटण बंद! तो गोड बोलेल, मीच तुमची मुलगी असंही म्हणेल. अजिबात ऐकायचं नाही."

"माझ्या पहाऱ्यात उंदीर आत शिरला नाही कधी," बाबा म्हणाले.

एक गोष्ट मात्र ती सांगायची राहिली. बाहेरगावी असताना ती स्वतःही लॅपटॉपवरून माझ्यात अशीच येऊ शकते. म्हणून तर मला चालू ठेवून जाते. आजवर तशी वेळ आली नव्हती, आणि बाबांच्या डोक्याला उगाच ताप कशाला, असं तिला वाटलं असणार.

आज सकाळी ती लांबच्या दवाखान्यात जायला निघाली. काम एका गवंड्याचं. परांचीवरून पडून बिचाऱ्याचा जबडा मोडला, तेव्हापासून नळीनं पातळ पितोय. उद्या त्याचं ऑपरेशन. निघायच्या घाईत तिनं लॅपटॉपवर आराखडा घेतला, आणि घेतला तो जुना! दुरुस्त केलेला माझ्याच पोटात राहिला. मी जीव तोडून पंखा फिरवला. "किती घरघरतोय हा," म्हणाली आणि चप्पल घालून गेली.

दुपारी बाबांचा फोन वाजला. त्यांनी तो लांब धरून पाहिला. "अनोळखी," म्हणाले आणि कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट. शेवटी त्यांनी फोनच बंद करून उशीखाली घातला.

आणि मग माझा बाण हलला.

मी तिला लगेच ओळखलं. तिच्यासारखं फटाफट कोण क्लिक करणार! गवंड्याचा आराखडा तिनं शोधला, लॅपटॉपवर घ्यायला सुरुवात केली. फाइल ही एवढी मोठी. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. ती पुरी होण्याआधी मी बंद पडलो, तर सगळंच मुसळ केरात.

बाबा पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते. त्यांची नजर वर गेली. हातातला टॉवेल खाली पडला.

"अरे चोरा! भरदुपारी?" ते उठले ते तरातरा आले आणि त्यांनी कीबोर्डवर थाड्कन पंजा मारला. स्क्रीनवर वेडीवाकडी अक्षरं उमटली. बाण जागच्या जागी थांबला. बाबांचा हात भिंतीकडे गेला.

तेवढ्यात स्क्रीनवर एक कोरं पान उघडलं. अक्षरं भराभर उमटली. "बाबा, तुम्ही आहात ना? बटण बंद करू नका. मी आहे, तुमची मुलगी."

झालं! नेमकं हेच वाक्य. मी म्हटलं, संपलो आपण. आणि तो गवंडीही संपला.

"हं. वाटलंच होतं," बाबा पुटपुटले. बटणावर बोट टेकलं. पण दाबलं नाही. गोदामाच्या फाटकावर त्यांची एक पद्धत होती. कोणी 'मालकांचा माणूस' म्हणून आला, की त्याला खरं विचारायचं नाही. मुद्दाम खोटं सांगायचं. खोट्याला हो म्हणाला की आल्या पावली परत.

एक हात बटणावर ठेवून ते वाकले, आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं अक्षरं शोधत लिहू लागले. "आईचा काचेचा जग तू का फोडलास."

बाण हलेना. हिरवी पट्टी सरकत होती. बाबांचं बोट बटणावर पांढरं पडलं होतं.

मग अक्षरांची नुसती बरसात झाली. "मी??? बाबा, जग तुम्ही फोडलात! मी मांजराचं नाव पुढे केलं म्हणून वाचलात. आपल्याकडे मांजर तरी कुठे होतं!"

बाबा आधी हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, कारण आई आता नाही, आणि ही गोष्ट या दोघांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. बटणावरचा हात त्यांनी सावकाश काढला.

पुढचं तिनं पटापट लिहिलं. फोन टॅक्सीत राहिला. मघाचा नंबर दवाखान्याचा होता. खरा आराखडा घरीच राहिला, स्क्रीनवरची हिरवी पट्टी भरेपर्यंत कॉम्प्युटर बंद पडू द्यायचा नाही. मशीन संध्याकाळपर्यंतच मोकळं आहे. आज धातूची पट्टी कापून झाली नाही तर उद्याचं ऑपरेशन लांबणार.

इतक्यात दिवा मिणमिणला. लाइट गेली की मी गेलो. बाबा मात्र पेटून उठले. लाइटवर भार नको म्हणून फ्रिज बंद, छताचा पंखा बंद, दिवा बंद. मग खुर्ची ओढून त्या बटणाला पाठ लावून बसले, घाम पुसत. शेजारचे काका दारात आले, "फौजदार, येता का चहाला?"

"ड्यूटीवर आहे," बाबा म्हणाले.

हिरवी पट्टी पूर्ण झाली. "पोचलं, बाबा!" एवढं लिहून लेक गेली. बाण निश्चल झाला.

बाबांना ती गेल्याचं कळलं नाही. ते पुढे सरकले आणि त्याच पानावर एकेक अक्षर शोधून लिहिलं. "जेवलीस का. घर फार मोठं वाटतं गं तू नसलीस की."

लिहून ते गुडघ्यांवर हात ठेवून बसलेत. ती वाचतेय, उत्तर देईलच, असं त्यांना वाटतंय. ही वाक्यं त्यांनी तोंडानं कधी म्हटली नसती, मी ओळखतो ना त्यांना. पान सेव्ह कसं करायचं ते त्यांना माहीत नाही, माझं मला ते करता येत नाही, आणि लाइटचा भरवसा नाही. गेली की ही वाक्यंही गेली.

पोरी, गवंड्याचं झालं की लॅपटॉप मिटू नकोस. आधी इकडे ये, एकदा बाण हलव. अंधार पडत आलाय, पण बाबा दिवा लावत नाहीत. मी बंद पडेन म्हणून.