सही होईपर्यंत पेशंट आमचा

प्रत्येकाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, जेव्हा आपल्या भवितव्याचा निर्णय त्याला ताठ मानेनं स्वतःच घ्यावा लागतो. धाकटीच्या आयुष्यात तो दुपारी साडेतीनला आला, आणि तिची मान खरोखरच ताठ होती, कारण ती प्लास्टिकच्या कॉलरमध्ये अडकवलेली होती.

उरलेली धाकटी हॉलमध्ये जमिनीवर, पेशंट उचलायच्या पिवळ्या फळीला पाच पट्ट्यांनी आवळलेली होती. टेबलावर दोन अर्ज पडले होते, एक पॅरामेडिकच्या प्रशिक्षणाचा, दुसरा नर्सिंगचा. दोन्ही भरून तयार. त्यातला एकच द्यायचा होता आणि पाचला प्रवेशाची खिडकी बंद होणार होती.

बाबा तीस वर्षं अँब्युलन्सवर होते. आई तितकीच वर्षं अपघात विभागात सिस्टर. लग्नही त्या विभागाच्या दारातच जमलं. बाबा पेशंट आणायचे, आई कागदावर सही करून ताब्यात घ्यायची. सही होईपर्यंत पेशंट अँब्युलन्सचा, आणि सहीनंतर पट्टे सोडायचे ते सिस्टरनंच. घरातही तोच खाक्या. बाहेर जाताना बाबा गॅसवरचं दूधसुद्धा "अर्धा लिटर, मंद आच, चार मिनिटं झाली" असं सांगून आईच्या हवाली करत.

थोड्याच वेळापूर्वी धाकटी एवढंच म्हणाली होती, की मला ठरवता येत नाहीये. बाबांनी लगेच माळ्यावरून फळी काढली. हे काम अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही, म्हणाले. अंग अर्थातच तिचं. आईनं विरोध केला नाही. तिसरा पट्टा सैल आहे, एवढं सांगून तो तिनं स्वतः आवळला आणि नाडी बघत बसली.

मग जुंपली. बाबांच्या मते वॉर्ड म्हणजे जन्मभर उशा झटकणं. आईच्या मते अँब्युलन्स म्हणजे भोंगा वाजवत यायचं आणि माणूस दारात टाकून पळायचं. साडेतीनचे चार झाले. धाकटीनं सोडायला सांगितलं, तर बाबा म्हणाले की सहीशिवाय पट्टे सुटत नसतात. आई म्हणाली, हे मात्र बरोबर आहे. कित्येक वर्षांनी दोघांचं एकमत झालं, आणि ते नेमकं हिच्या मुळावर आलं.

छतात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती विचार करू लागली. रोज जेवताना बाबा हळूच विचारायचे, "तो शिडीवरून पडलेला रंगारी, त्याचं काय झालं?" आई कधी "चालायला लागला" म्हणायची, कधी काही न बोलता भात वाढायची. धाकटीला भोंगा आवडायचा, वेगही आवडायचा. पण माणूस दारात सोडून परत फिरणं तिला जमलं नसतं. हे तिला कधीचंच ठाऊक होतं. बाबांच्या तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून ती ठरवता येत नाही म्हणायची. आता उठून पळायची सोय नव्हती.

"बाबा, मी सिस्टर होणार."

आईनं जिंकल्याचं दाखवलं नाही. बाबा नीट असलेला पट्टा पुन्हा नीट करत राहिले.

"का गं?"

"तुम्ही रोज विचारता ना, पुढे काय झालं त्याचं? मला कुणाला विचारायला लागू नये."

 बाबा घसा खाकरून उभे राहिले. "मुलगी, वय एकोणीस. शुद्धीवर आहे. डोकं ठिकाणावर आहे. ताब्यात घ्या, सिस्टर."

आईनं कागद मागितला. कागद मिळाला, पेन मिळेना. दोघं आत शोधायला गेले. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. आधी कपाटं उघडल्याचे आवाज आले, मग पेन शेवटचं कुणाच्या हातात होतं यावर वाद सुरू झाला. नियमानं धाकटी अजून बाबांचीच होती.

"आई, बाबा, कुणीही चालेल," तिनं छताकडे बघत हाक मारली. "तेवढं नाक खाजवून जा."