धाकट्याचं चाकांवरचं घर

थोरल्याच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर कुठल्याच डॉक्टरकडे औषध नव्हतं. धाकट्या भावानं मोटारीमागे जोडायचं दोन चाकांचं घर आणलं होतं. आत पलंग, शेगडी, खिडकीला पडदेसुद्धा. थोरल्यानं जन्मभर मालाचा टेम्पो चालवून सगळे रस्ते पालथे घातले, आणि फिरायला कोण निघालं? तर सलूनच्या खुर्चीमागून कधी न हललेला हा.

"दादा, गंमत बघ," म्हणत धाकट्यानं घराचा पुढचा दांडा, जो मोटारीच्या हुकात अडकतो, तो एका बोटावर उचलून दाखवला. "एवढं सामान भरलंय, तरी कसा हलका!"

थोरल्यानं एका नजरेत ओळखलं. पाण्याचे कॅन, सिलिंडर, बॅटरी, सगळं जड सामान पठ्ठ्यानं चाकांच्या मागे, दाराशी रचलं होतं. म्हणून दांडा हलका. अशी गाडी गल्लीत गरीब गाईसारखी चालते. हमरस्त्यावर वेग आला की डोलायला लागते आणि पुढच्या मोटारीलाही फरपटत नेते.

हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण थोरला मूग गिळून बसला. होऊ दे जरा फजिती, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं गोडही लागलं. दोन हेलकावे बसले की येईल घाबरून परत.

तेवढ्यात आई पिशवी घेऊन बाहेर आली. "मीही जाते रे. कधीचा मागे लागलाय धाकटा."

थोरल्याच्या टेम्पोत आई कधी बसली नव्हती. धूर लागतो, कंबर धरते, एक ना दोन, शंभर कारणं. धाकट्याच्या मोटारीत मात्र पाठीला उशी घेऊन ऐटीत बसली. थोरल्याचा असा जळफळाट झाला की तो तडक घरात जायला वळला. पण उंबरठ्यापर्यंतही पाय गेले नाहीत.

"उतर खाली," तो स्टेअरिंगवर बसलेल्या धाकट्यावर खेकसला. "आणि मागचं दार उघड."

"निघायच्या वेळी काय काढलंस हे?" आई आतूनच कुरकुरली.

त्यानं जड सामान चाकांच्या जरा पुढे, तळाशी ठेवलं आणि पट्ट्यांनी करकचून बांधलं. दांडा हुकातून सोडवून पाहिला, तर आता तो उचलायला दोन्ही हात लागले. तो पुन्हा अडकवून त्यानं जोडाच्या साखळ्या ओढून पाहिल्या. "डोलायला लागली तर स्टेअरिंग सरळ धर, ॲक्सिलरेटर सोड. जोरात ब्रेक मारू नकोस."

"सामान तर मीही लावलंच होतं," धाकटा पुटपुटला.

दुपारी आईचा फोन आला. आवाजात कौतुक मावत नव्हतं.

"पोटातलं पाणी हललं नाही बघ. धाकट्याचा हात एवढा चांगला आहे, मला माहीतच नव्हतं. नाहीतर तुझा तो टेम्पो."

थोरल्यानं फोन या कानाचा त्या कानाला लावला. सांगावं का? पण सांगितलं तर आई आधी हेच विचारणार, की मी गाडीत बसेपर्यंत तू गप्प का होतास?

"हो," तो म्हणाला. "चांगलीच चालवतो तो."